गालावरची गाठ आणि निळे पुंजके: ट्रायकोएपिथेलिओमा की बेसल सेल, हे कसं ओळखायचं

मुंबईतल्या कुठल्याही पॅथॉलॉजी विभागात जेआर-१, म्हणजे पहिल्या वर्षाचे निवासी डॉक्टर, म्हणून लागला असाल, तर पहिल्या सहा महिन्यांत ही स्लाइड तुमच्या ट्रेमध्ये येणारच. फॉर्मवर लिहिलेलं असतं: "गालावर गाठ, दोन वर्षं, बीसीसी?" पुढे काही नाही. वय कोपऱ्यात, तेही खाडाखोड केलेलं. स्लाइड लावता, डर्मिसमध्ये, म्हणजे कातडीच्या आतल्या थरात, निळ्या पेशींचे पुंजके दिसतात, कडेच्या पेशी शाळेच्या प्रार्थनेसारख्या रांगेत उभ्या, आणि तोंडपाठ केलेलं वाक्य आपोआप ओठांवर येतं: पेरिफेरल पॅलिसेडिंग (कडेच्या पेशींची ही रांग) म्हणजे बेसल सेल कार्सिनोमा, बीसीसी, कातडीचा एक कर्करोग.

मीही तेच लिहिलं होतं. तिशीतली बाई, गालावरून ३ मिमीचा पंच, म्हणजे गोल पात्याने कापलेला कातडीचा तुकडा. ड्राफ्टमध्ये मी बेसल सेल लिहिलं, वरून घाईत सही झाली, आणि प्लास्टिक सर्जरीवाल्यांनी नियमाप्रमाणे आजूबाजूच्या निरोगी कातडीसकट गाठ काढली. पंधरवड्यानंतर आख्खी गाठ ग्रॉसिंगच्या (कापून तपासायच्या) टेबलावर आली. स्लाइडवर पाहिलं तर लहानशी, बशीसारखी पसरलेली, डर्मिसच्या वरच्या भागातच थांबलेली, मध्ये केराटिनच्या (केस-नखांच्या प्रथिनाच्या) छोट्या सिस्ट, म्हणजे पिशव्या, दोन-तीन ठिकाणी कॅल्शियमचे खडे. डेस्मोप्लास्टिक ट्रायकोएपिथेलिओमा, म्हणजे केसाच्या मुळाच्या कुळातली, दाट तंतूंत रुतलेली गाठ. निरुपद्रवी. ती बाई टाके काढायला आली त्या दिवशी मी ओपीडीच्या बाहेर उभी होते, आत जायचा धीर झाला नाही. ओठाच्या कोपऱ्यापर्यंत गेलेला वण लांबूनही दिसत होता.

उलट चूकही तितकीच महाग पडते. १८२७ साली डब्लिनच्या आर्थर जेकब यांनी पापणीभोवतीच्या ज्या व्रणाचं वर्णन केलं, त्याला पुढे रोडंट अल्सर म्हणू लागले, म्हणजे उंदराने कुरतडल्यासारखा व्रण. बेसल सेल शरीरात दुसरीकडे जवळजवळ कधीच पसरत नाही, पण आहे त्या जागी कुरतडत राहतो. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याजवळ असेल आणि तुम्ही "निरुपद्रवी" लिहून मोकळे झालात, तर काही वर्षांनी तोच माणूस हाडापर्यंत गेलेला व्रण घेऊन परत येतो.

आधी एक गोष्ट डोक्यात बसवा, मग पायऱ्या सोप्या जातात

या दोन गाठी एवढ्या सारख्या का दिसतात? दोघींचं घराणं एकच आहे. गर्भात केस तयार होताना एपिडर्मिसच्या (कातडीच्या वरच्या थराच्या) तळातून पेशींचा एक कोंब खाली डर्मिसमध्ये उतरतो. त्याच्या टोकाशी डर्मिसमधल्या फायब्रोब्लास्ट (तंतू विणणाऱ्या) पेशी गोळा होतात. दोघांची रासायनिक देवाणघेवाण चालते आणि त्यातून केस घडतो. थोडक्यात, केस करायला दोघं लागतात.

या देवाणघेवाणीची एक मोठी वाट म्हणजे हेजहॉग. हे जीन आधी फळमाशीच्या गर्भात सापडलं, १९८० साली, न्यूसलाइन-फोलहार्ड आणि विशाऊस यांच्या कामातून. त्या कामाला १९९५ चं नोबेल मिळालं. पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, गोरलिन सिंड्रोमच्या कुटुंबांत पीटीसीएच१ या जीनमधला बिघाड सापडला. या कुटुंबांत लहान वयात बेसल सेलच्या गाठी ढिगाने येतात. पीटीसीएच१ हा त्या वाटेवरचा ब्रेक. तो गेला की गाडी थांबत नाही. माशीच्या अळीपासून नाकावरच्या गाठीपर्यंतचा हा प्रवास मला अजूनही थक्क करतो, पण ते असो.

मुद्दा असा की ट्रायकोएपिथेलिओमात कोंब आणि फायब्रोब्लास्ट या दोघांनी मिळून केस करायचा अर्धामुर्धा प्रयत्न केलेला असतो. बेसल सेलमध्ये कोंब एकटाच सुटलेला असतो, सोबतीचं फारसं कुणी नसतं. म्हणून निळ्या पेशींकडे टक लावून उत्तर मिळत नाही, त्या दोन्हीकडे जवळपास सारख्याच. उत्तर त्यांच्या शेजारात आहे. स्ट्रोमा, म्हणजे पुंजक्यांभोवतीची तंतूंची चौकट, बघायची सवय लावा.

पायरी १: फॉर्म वाचा, आणि पुरेसं लिहिलं नसेल तर फोन उचला

वय, जागा, किती गाठी, घरात आणखी कुणाला. या चार गोष्टींशिवाय मायक्रोस्कोप चालू करू नका.

ट्रायकोएपिथेलिओमा चेहऱ्याच्या मध्यभागाला पसंती देतो: नाक, नाकाच्या बाजूच्या घड्या, वरचा ओठ, गाल, कपाळ. कातडीच्याच रंगाची, टणक, गुळगुळीत गाठ. एकटी असेल तर बहुधा मोठेपणी येते. पुष्कळ असतील तर वयात येताना सुरू झालेल्या असतात आणि आई किंवा वडिलांच्या चेहऱ्यावरही दिसतात. १८९२ मध्ये ब्रूक यांनी अशा कुटुंबांचं वर्णन केलं. सोबत डोक्यावर सिलिंड्रोमा नावाच्या गाठी असतील तर ब्रूक-स्पीग्लर सिंड्रोम; बिघाड १६ व्या क्रोमोसोमवरच्या सीवायएलडी जीनमध्ये. कॉलेजातली मुलगी, नाकाच्या दोन्ही बाजूंना दाण्यांसारख्या गाठी, आणि "आईलाही आहेत" हे वाक्य ऐकलं की अर्धं निदान झालंच. मात्र ट्यूबरस स्क्लेरोसिस या आनुवंशिक आजारातल्या गाठीही याच जागी येतात, त्यामुळे स्किनवाल्यांनी फिट्सबद्दल विचारलं आहे का, हेही पाहून घ्या.

बेसल सेल आपल्याकडे बहुतेक वेळा काळा असतो. पाश्चात्त्य पुस्तकात मोत्यासारखी चमकणारी गुलाबी गाठ आणि तिच्यावर लाल केशवाहिन्या असं चित्र असतं. लालबागच्या आजोबांच्या नाकाच्या बाजूला तसं काही दिसत नाही. तिथे काळपट ठिपका असतो, कड किंचित उचललेली, घरच्यांच्या मते "जुना तीळ", आणि ओपीडीत आणायचं कारण एवढंच की टॉवेलने तोंड पुसताना रक्त आलं. चाळिशीच्या आत बेसल सेल म्हणायची वेळ आली तर एकदा तरी विचार करा: गोरलिन आहे का, झीरोडर्मा पिगमेंटोसम (ऊन न सोसणारा आनुवंशिक आजार) आहे का, जन्मापासून तिथे नीव्हस सेबेशियस (तेलग्रंथींचा जन्मजात डाग) होता का. रुग्ण पश्चिम बंगालकडचा असेल आणि पाणी आर्सेनिकवाल्या विहिरीचं असेल, तर तेही कारण होऊ शकतं.

आणखी एक प्रश्न, जो फॉर्मवर कधीच नसतो: घरी काय लावलं? चामखीळ समजून चुना-सोडा लावलेला, घोड्याच्या शेपटीचा केस आवळून बांधलेला, कोपऱ्यावरच्या पार्लरमध्ये जाळलेला, हे सगळं मी पाहिलं आहे. या उपचारांनी वर व्रण होतो, खाली स्कार तयार होतो, सूज येते, आणि निरुपद्रवी गाठसुद्धा बिथरल्यासारखी दिसते. कॉटरीने जळलेल्या कडेला केंद्रकं लांबट ओढली जातात, खोट्या भेगा पडतात. हे माहीत नसेल तर तुम्ही हमखास फसता.

पायरी २: तुकडा नीट आलाय का

गाठीचा आकार पाहायचा असेल तर गाठ स्लाइडवर असायला हवी. वरवर खरवडलेल्या शेव्ह बायोप्सीत तळ नसतो, कडा नसतात, नुसते पुंजके. त्यावर ठाम निदान मागणं म्हणजे चिठ्ठीचा एक तुकडा देऊन पूर्ण पत्र वाचायला सांगणं.

तुमच्या हातात जे आहे ते नीट करा. ३ मिमीचा पंच मधून कापू नका; एम्बेड करताना (मेणात बसवताना) एपिडर्मिस आणि चरबी दोन्ही एका सेक्शनमध्ये येतील असा आडवा बसवा. छोटे तुकडे कॅसेटमध्ये टाकण्याआधी इओसिन या गुलाबी रंगाचा ठिपका लावा, नाहीतर मेणात सापडत नाहीत. बाटलीत फॉर्मलिन तुकड्याच्या निदान दहापट हवं. कुणी सलाईनमध्ये पाठवलं असेल तर मे महिन्यातल्या मुंबईत ते टिश्यू संध्याकाळपर्यंत खराब होऊ लागतं. अशी बाटली आली की लगेच तारीख-वेळ लिहून ठेवा, भांडण नंतर करा.

आणि डीपर लेव्हल्स, म्हणजे ब्लॉकमधून आणखी खोलचे काप, मागायला लाजू नका. टेक्निशियन कुरकुरतील. जे शोधायचं आहे ते बऱ्याचदा तिसऱ्या-चौथ्या लेव्हलला उगवतं.

पायरी ३: स्कॅनरवर थांबा

४एक्सवर, म्हणजे सगळ्यात कमी मोठं दाखवणाऱ्या या भिंगावर, निदान दोन मिनिटं काढा. नव्या मुलांचा हात लगेच ४०एक्सकडे जातो; मी शेजारी बसले की तो हात अडवते.

पाहायचं काय? गाठीच्या मधोमध एक उभी रेघ मनात ओढा. दोन्ही बाजू साधारण सारख्या आहेत का? खालची कड गुळगुळीत, बशीच्या बुडासारखी आहे, की कुठे बोटं घुसल्यासारखी? ट्रायकोएपिथेलिओमा सुबक असतो. आपली हद्द धरून राहतो, शेजारच्या कोलॅजेनला हळूच बाजूला ढकलतो. बेसल सेल बेढब असतो. एकीकडे मोठं बेट, दुसरीकडे चार लहान, एक पुंजका एपिडर्मिसला लोंबतोय, वर व्रण. पुंजक्यांमध्ये आणि आजूबाजूच्या मॅक्रोफेजेसमध्ये मेलॅनिनचा गडद तपकिरी चुरा असेल, तर आपल्या लोकांमध्ये ती बेसल सेलकडे झुकणारी खूण.

वरच्या डर्मिसमध्ये निळसर-करडे, गुंता झालेले तंतू दिसतात का तेही पाहा. तो सोलर इलास्टोसिस, वर्षानुवर्षांच्या उन्हाचा शिक्का. आयुष्य रस्त्यावर काढलेल्या फेरीवाल्याच्या किंवा ट्रॅफिक हवालदाराच्या चेहऱ्यावर तो सापडू शकतो. सावळ्या कातडीत मात्र तो कमी असतो, त्यामुळे नाही दिसला म्हणून बेसल सेल बाद होत नाही.

ट्रायकोब्लास्टोमाचा उल्लेख इथेच उरकते. तो त्याच कुळातला मोठा भाऊ: डोक्यावर जास्त, खोल डर्मिसमध्ये, पुंजके मोठे, एपिडर्मिसशी संबंध बहुधा नाही. काही जण ट्रायकोएपिथेलिओमाला त्याचाच एक प्रकार मानतात. नीव्हस सेबेशियसमध्ये निळी गाठ उगवली की पूर्वी सर्रास बेसल सेल म्हणायचे. त्यातल्या बहुतेक ट्रायकोब्लास्टोमा होत्या हे नंतर लक्षात आलं.

पायरी ४: भेग कुठे आहे?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

बेसल सेलच्या पुंजक्यांभोवती पांढरी भेग असते हे सगळ्यांना माहीत आहे. त्या स्ट्रोमात म्युसिन असतं, पाणी धरून ठेवणारं. प्रोसेसिंगमध्ये ते आक्रसतं आणि पुंजका स्ट्रोमापासून सुटतो. म्हणजे ही भेग पुंजका आणि स्ट्रोमा यांच्या मधली. भेगेच्या एका काठावर थेट निळ्या पेशी दिसल्या पाहिजेत.

ट्रायकोएपिथेलिओमातही भेग असते! फसगत इथेच होते. पण ती वेगळ्या ठिकाणी असते. पुंजका आणि त्याचा खास स्ट्रोमा एकमेकांना घट्ट धरून असतात, आणि भेग पडते ती या जोडगोळीच्या बाहेर, गाठीचा स्ट्रोमा आणि बाकीचा डर्मिस यांच्या मध्ये. भेगेच्या दोन्ही काठांवर कोलॅजेनच. साधी चाचणी सांगते: भेगेवर पॉइंटर ठेवा आणि गाठीच्या बाजूला एक मिलिमीटरचा अंश सरका. लगेच निळी पेशी लागली तर पहिला प्रकार. आधी गुलाबी तंतू आणि लांबट फायब्रोब्लास्ट लागले, मग निळी पेशी, तर दुसरा.

हे डोळ्याला एकदा दिसलं की परत कधी चुकत नाही. पण पहिल्यांदा दिसायला वेळ लागतो. विभागाच्या जुन्या कपाटातून दोन्हीची पाच-पाच स्लाइड काढा आणि एका दुपारी नुसत्या भेगा बघा. निदान करायचं नाही, फक्त भेगा. (पावसाळ्यात कपाटातल्या स्लाइड आणि ऑब्जेक्टिव्ह दोन्ही तपासून घ्या, आमच्याकडे एकदा एका मुलाने लेन्सवरची बुरशी "म्युसिन" म्हणून दाखवली होती. तेव्हापासून डब्यात सिलिका जेलच्या पुड्या असतात.)

भेगेसोबत स्ट्रोमाचा पोतही पाहा. बेसल सेलभोवती तो फिकट, निळसर, विरलेल्या जाळीसारखा. ट्रायकोएपिथेलिओमात दाट, गुलाबी, फायब्रोब्लास्टनी भरलेला, आणि ते फायब्रोब्लास्ट पुंजक्याभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखे गुंडाळलेले. शंका असेल तर अल्शियन ब्लू (म्युसिन निळं करणारा रंग) करून बघा. स्वस्त आहे, आणि प्रयोगशाळेत रंग बहुधा असतोच. बेसल सेलच्या पुंजक्यांभोवती निळं जाळं उठून दिसतं.

पायरी ५: अर्धवट केसाचा पुरावा

आता १०एक्सवर या आणि पॅपिलरी मेसेंकायमल बॉडी शोधा. नाव अवघड, गोष्ट सोपी. केसाच्या मुळाशी बल्बमध्ये जसा पॅपिला खोचलेला असतो, तसाच फायब्रोब्लास्टचा एक गोल, गुबगुबीत गोळा निळ्या कोंबाच्या टोकाला खोचलेला दिसतो. कोंब त्याला ओंजळीत धरल्यासारखा वाकलेला. "दोघांनी मिळून केस करायचा प्रयत्न" मी म्हटलं, त्याचा हा प्रत्यक्ष पुरावा. एक खणखणीत बॉडी सापडली की माझा कौल ट्रायकोएपिथेलिओमाकडे झुकतो. बेसल सेलमध्ये ती क्वचितच मिळते. गोळा खरा आहे की आडवा कापला गेलेला साधा स्ट्रोमा, हे मात्र ठरवावं लागतं. पुढच्या लेव्हलवर तोच गोळा दिसतो का बघा.

केराटिनच्या सिस्टवर फार विसंबू नका. ट्रायकोएपिथेलिओमात त्या असतात, फुटल्या तर बाजूला परकीय वस्तूवर तुटून पडणाऱ्या महापेशी जमतात, कॅल्शियम साचतं. हे सगळं त्याच्या बाजूने. पण बेसल सेलचेही केराटिन करणारे प्रकार आहेत. सिस्ट हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही.

पायरी ६: पेशी, एकदाच्या

मायटोसिस (विभागत असलेल्या पेशी) आणि मरणाऱ्या, सुकलेल्या गुलाबी पेशी बेसल सेलमध्ये भरपूर, ट्रायकोएपिथेलिओमात थोड्या. थोड्या म्हणजे शून्य नाही. एक मायटोसिस सापडली म्हणून कर्करोग लिहू नका. ४०एक्सचं काम एवढंच.

पायरी ७: डेस्मोप्लास्टिक, म्हणजे खरी परीक्षा

माझी ती पहिली चूक इथली. १९७७ मध्ये ब्राउनस्टाइन आणि शापिरो यांनी हा प्रकार मांडला. बहुधा तरुण किंवा मध्यमवयीन स्त्री, गालावर अंगठीसारखी टणक कड आणि मध्ये खळगा. रुग्ण सांगते, "वाढत नाही, दुखत नाही, नुसती आहे." स्लाइडवर तीन गोष्टी: एक ते तीन पेशी जाडीच्या बारीक दोऱ्या, केराटिनच्या सिस्ट, आणि घट्ट, दाट कोलॅजेन.

याच दोऱ्या मॉर्फिआ प्रकारच्या बेसल सेलमध्येही दिसतात, आणि तो बेसल सेलमधला सगळ्यात कावेबाज प्रकार. वरून स्कारसारखा दिसतो, आतून दूरवर पसरलेला असतो. फरक करताना मी या क्रमाने जाते. खोली: डेस्मोप्लास्टिक ट्रायकोएपिथेलिओमा बहुधा डर्मिसच्या वरच्या दोन-तृतीयांशात थांबतो, चरबीत किंवा स्नायूत दोऱ्या दिसल्या की धोका. निळ्या पेशींना लागून भेगा आणि भरपूर मायटोसिस: असतील तर बेसल सेल. सिस्ट आणि कॅल्शियम: असतील तर ट्रायकोएपिथेलिओमाच्या बाजूने.

आता या दोघांच्या भांडणात एक तिसरा गुपचूप बसलेला असतो: मायक्रोसिस्टिक अ‍ॅडनेक्सल कार्सिनोमा. वर केराटिनच्या सिस्ट, खाली दोऱ्या आणि बारीक नळ्या, आणि चेतातंतूंना वेटोळं घालून खोल उतरलेला. वरवरच्या बायोप्सीत तो डेस्मोप्लास्टिक ट्रायकोएपिथेलिओमासारखा हुबेहूब दिसू शकतो. नळ्या दिसल्या किंवा चेतातंतूभोवती दोऱ्या दिसल्या, तर "निरुपद्रवी" हा शब्द लेखणीतून काढून टाका. आणि प्रौढ बाईच्या चेहऱ्यावर किंवा डोक्याच्या कातडीत एकामागे एक रांगेत पेशी दिसल्या तर स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास विचारा.

पायरी ८: इम्युनो, पण डोकं वापरून

मार्कर, म्हणजे ठराविक प्रथिनं दाखवणारे अँटीबॉडीचे रंग, लावण्याआधी दोन मिनिटं विचार करा की उत्तर आलं तर काय बदलणार आहे. बऱ्याच ठिकाणी हा खर्च रुग्णाच्या खिशातून जातो, आणि छोट्या पंचच्या ब्लॉकमध्ये मोजकेच सेक्शन उरलेले असतात. एकाच वेळी सगळे मागवा, म्हणजे मायक्रोटोमवर ब्लॉक पुन्हा पुन्हा घासला जात नाही.

नव्या मुलांना सगळ्यात आवडणारा मार्कर म्हणजे बर-ईपी४, आणि या प्रश्नात तो बिनकामाचा. तो दोन्हीत पॉझिटिव्ह येतो. बेसल सेल की स्क्वॅमस (कातडीचा दुसरा कर्करोग), हा प्रश्न असेल तर लावा. मायक्रोसिस्टिक अ‍ॅडनेक्सल कार्सिनोमाचा संशय असेल तरी उपयोग होतो, कारण त्यात तो बहुधा निगेटिव्ह असतो.

कामाचे आहेत ते असे. सीके२० मर्केल पेशी (कातडीतल्या स्पर्श टिपणाऱ्या) रंगवतो: त्यांना ट्रायकोएपिथेलिओमात राहायला आवडतं, बेसल सेलमध्ये त्या जवळजवळ नसतात. पुंजक्यात विखुरलेल्या चार-सहा तपकिरी पेशी दिसल्या की छान. पण त्या खरंच गाठीच्या पुंजक्यात आहेत की बाजूच्या साध्या केसाच्या मुळात, ते एच अँड ई (नेहमीच्या निळ्या-गुलाबी रंगाची) स्लाइड शेजारी ठेवून तपासा. निरोगी कातडीतही मर्केल पेशी असतातच. अँड्रोजेन रिसेप्टर: पॉझिटिव्ह आला तर बेसल सेलच्या बाजूने चांगला पुरावा, निगेटिव्ह आला तर काही सिद्ध होत नाही, कारण बेसल सेलही निगेटिव्ह येऊ शकतो. पीएचएलडीए१ याच्या उलट, ट्रायकोएपिथेलिओमात पॉझिटिव्ह, बेसल सेलमध्ये बहुधा निगेटिव्ह. व्रण झालेल्या बेसल सेलमध्ये तो फसवू शकतो.

सीडी१० मला आवडतो, कारण तो पुन्हा शेजाराचीच गोष्ट सांगतो. ट्रायकोएपिथेलिओमात रंग पुंजक्याभोवतीच्या स्ट्रोमाला चढतो. बेसल सेलमध्ये निळ्या पेशींनाच, बहुतेक कडेच्या. "पॉझिटिव्ह" असा एका शब्दाचा रिपोर्ट आला तर त्याला अर्थ नाही. कुठे पॉझिटिव्ह ते स्वतः पाहा. बीसीएल२ चंही तसंच: बेसल सेलमध्ये पुंजकाभर, ट्रायकोएपिथेलिओमात फक्त बाहेरच्या थरात. सीडी३४ स्ट्रोमासाठी सांगितला जातो, पण तो इतका घसरडा आहे की मी मागवत नाही.

पायरी ९: काय लिहायचं, काय सांगायचं

पूर्ण गाठ, सुबक कडा, भेगा बाहेरच्या बाजूला, एखादी पॅपिलरी मेसेंकायमल बॉडी: ट्रायकोएपिथेलिओमा लिहा, हात थरथरू देऊ नका. त्या रुग्णाला पुढे काही करायची वैद्यकीय गरज नसते. दिसायला नको असेल तर लेझर वगैरे स्किनवाले बघतील.

बेसल सेल असेल तर नुसतं नाव लिहून थांबू नका. प्रकार लिहा, कारण लहान, स्पष्ट कडांच्या नॉड्युलर गाठीला साधारण ४ मिमीची निरोगी कड घेऊन काढलं तरी चालतं, पण मॉर्फिआ प्रकाराला तेवढ्याने भागत नाही. किती खोल गेला, चेतातंतूंभोवती आहे का, कडा मोकळ्या आहेत का, हे तिन्ही लिहा.

आणि तुकडा अपुरा असेल तर? तेव्हा पॅथॉलॉजिस्टचा मान निदान देण्यात नसतो. "केसाच्या मुळाकडे झुकणारी बेसलॉइड गाठ, उपलब्ध तुकड्यात तळ आणि कडा दिसत नाहीत, बेसल सेल कार्सिनोमा नाही असं म्हणता येत नाही, पूर्ण गाठ काढून पाठवावी" अशा अर्थाचं स्पष्ट लिहा. मग रिपोर्ट कागदावर सोडून देऊ नका, स्किनच्या रेसिडेंटला फोन करा. बोलणं साधारण असं होतं:

"मॅडम, बीसीसी नाही का? पेशंटला आम्ही सर्जरीची तारीख दिलीय."

"तारीख राहू दे, पण आधी सांग, वाढतेय का गाठ? फोटो आहे?"

"दोन वर्षं तेवढीच आहे म्हणते. मध्ये खळगा आहे."

"वय?"

"बत्तीस."

"मग रुंद कड घेऊ नका. गाठ तेवढी नीट पूर्ण काढा आणि पाठवा. कडा नंतर बघू."

एवढ्या फोनने गालावरचं बरंच काही वाचतं.

नातेवाईक दुसरं मत घ्यायला निघतील. १९४१ पासून परळला टाटा मेमोरियल आहे, आणि मुंबईतच काय, देशभरातले लोक स्लाइड आणि ब्लॉक पिशवीत घालून तिथे पोचतात. त्यांना ब्लॉक देताना कुरकुर करू नका, फक्त दोन गोष्टी पाळा: एक स्लाइड तुमच्याकडे राहू द्या, आणि मेणाचा ब्लॉक उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका असं सांगा. वितळून आलेला ब्लॉक मी पाहिला आहे.

शेवटचं काम: पूर्ण गाठ आली की जुना पंच कपाटातून काढा, दोन्ही स्लाइड एकाच स्टेजवर आळीपाळीने लावा, आणि पंचमध्ये जे दिसत होतं पण तुम्ही पाहिलं नव्हतं ते शोधा. माझ्या त्या गालाच्या पंचमध्ये, डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात, कॅल्शियमचा एक छोटा खडा होता.